ग्रुप फुटला म्हणून लगेच साइटला हात लावू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात रायफलचं बोलणं घराघरात निघतं. कुणाचा काका मराठा सेंटरमधून शिकून पलटणीत गेलेला, कुणाची मुलगी कॉलेजात एनसीसीला, कुणाचा भाऊ पोलिसात. पॅरिसला २०२४ मध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून नेमबाजीच्या क्लबात नाव घालणारी पोरंही दिसतात. या सगळ्यांना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच: नेम बरोबर धरला, चाप नीट ओढला, तरी गोळ्या कागदभर का फुटल्या, म्हणजे ग्रुप का फुटला?

बहुतेकांचं उत्तर तयार असतं, साइट (नेम धरायची खूण) सरकली. मग कुणीतरी साइटच्या स्क्रूला हात घालतो, पुढच्या पाच गोळ्या दुसरीकडे फुटतात, पुन्हा स्क्रू. दुपार जाते, काडतुसं संपतात आणि आता मूळ दोष कुठला आणि आपण घातलेला घोळ कुठला हेही कळेनासं होतं. हे मला मनापासून थांबवावंसं वाटतं, कारण यात रायफलपेक्षा शिकणाऱ्याचा आत्मविश्वास जास्त बिघडतो.

हा लेख मुख्यतः सेमी-ऑटोमॅटिक रायफलबद्दल आहे, म्हणजे एक चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस रायफल स्वतःच भरते, अशी. आपल्या फौजेतली जुनी एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) हे त्याचं सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण. अशा ७.६२ किंवा ५.५६ मिलीमीटरच्या रायफली फौज-पोलिसांकडेच असतात, साध्या नागरी परवान्यावर त्या मिळत नाहीत. त्यामुळे उघडून दुरुस्त करणं हे आर्मररचं काम, आणि ते त्याच्याकडेच राहावं. पण दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याचं निम्मं काम गोळी मारणाऱ्याच्याच हाती असतं. शोधायची ही रीत एनसीसीच्या पॉइंट टूटू (.२२) रायफलला आणि क्लबातल्या एअर रायफललाही बरीचशी तशीच लागू पडते.

कागदाला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा झुबका, केवढा आहे, हा पहिला. ग्रुप कुठे आहे, हा दुसरा. फायरिंगच्या भाषेत ग्रुपच्या मधल्या बिंदूला एमपीआय म्हणतात. पाच गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसल्या, पण बुलपासून (टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलापासून) वीतभर डावीकडे, तर आनंद माना: रायफल ठीक, मारणाराही ठीक, फक्त झिरो करायचं, म्हणजे साइट हलवून ग्रुप बुलवर आणायचं, राहिलंय. पण पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या असतील तर साइट फिरवून काय होणार? विखुरलेला ग्रुप विखुरलेलाच राहील, फक्त जागा बदलेल. साइट एमपीआय हलवते, ग्रुप लहान करत नाही. एवढं एक पक्कं धरलं तरी अर्ध्या चुका टळतात.

आता ग्रुप लहान म्हणजे किती? नेमबाज तो कोनात मोजतात. एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) १०० मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर होतो, २०० मीटरवर त्याच्या दुप्पट. ऑलिंपिकमधली बोल्ट ॲक्शन (दर वेळी हाताने भरायची) रायफल आणि फौजेची स्वतः भरणारी रायफल यांच्याकडून एकच अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. पहिली एकाच कामासाठी घडवलेली असते. दुसरी चिखलात, धुळीत, थंडीत चाललीच पाहिजे म्हणून तिच्या भागांत मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते. उघडी साइट, नेहमीची फौजी काडतुसं आणि १०० मीटरवर १० सेंटीमीटरच्या आसपास ग्रुप येत असेल, तर त्या रायफलला दोष देऊ नये. २५ सेंटीमीटर येत असेल तर शोध सुरू करावा.

शोध सुरू करण्याआधी पुरेशा गोळ्या मारा. तीन गोळ्यांचा ग्रुप फार फसवतो. कधी तिन्ही योगायोगाने शेजारी बसतात, कधी त्याच रायफलमधून त्याच हाताने लांब जातात. पाच गोळ्यांचे तीन-चार वेगळे कागद असले की खरं चित्र दिसू लागतं. आणि एक विनंती: लांब गेलेली गोळी ‘ती चुकून गेली’ म्हणून मोजायची सोडू नका. चाप ओढताना हात हलला हे तुम्ही गोळी कागदावर बघण्याआधी सांगितलं असेल तर ठीक. बघून झाल्यावर सांगितलं तर ती स्वतःची समजूत झाली.

पहिली शंका माणसावर घ्यायची. वाईट वाटून घेऊ नका, ती तपासायला सगळ्यात स्वस्त असते एवढंच. गावाकडे आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार मामा आहेत. एनसीसीतली भाची कागद घेऊन आली की बोलणं असं होतं.

“मामा, रायफलच वाकडी हाय बघा.”

“आसंल की. दुसऱ्या कुणी मारली काय तिनं?”

“नाही.”

“मग आधी त्ये कर. तुझी रायफल शेजारच्या पोरीला दे, तिची तू घे. मग ये.”

या अदलाबदलीइतकी चांगली चाचणी दुसरी नाही. दोन माणसं, दोन रायफली, एकाच पेटीतली काडतुसं, वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलेल्या. वाईट ग्रुप रायफलच्या मागे गेला तर दोष रायफलचा. माणसाच्या मागे गेला तर दोष पकडीत, श्वासात किंवा चापावर. दोघींचेही दोन्हीकडे वाईट आले तर काडतुसं किंवा वारा बघा.

दोष माणसाचा निघाला तर ग्रुपचा आकार थोडं बोलतो. उभी रेघ पडली असेल तर बहुधा श्वास चालू असताना गोळी सुटतेय किंवा बट दर वेळी खांद्यात वेगळ्या जागी बसतोय. आडवी रेघ असेल तर रायफल कधी डावीकडे कलतेय कधी उजवीकडे, किंवा बोट चाप सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतंय. पण या खुणांना पंचांग समजू नका, त्या फक्त शंका देतात. पक्कं करायचं असेल तर उस्तादाला सांगून मॅगझिनमध्ये डमी काडतूस न सांगता मधेच घालायला लावा. चाप ओढला, आवाज नाही, आणि नळीचं तोंड तरीही खाली डुचकलं तर कारण सापडलं. धक्क्याच्या भीतीने अंग आधीच आवळतंय. ही भीती कुणालाही लागते, जुन्या माणसांनाही. कोरड्या, म्हणजे काडतुसाशिवायच्या, सरावाने ती जाते.

साइट बघण्यातल्या चुकीची किंमत किती पडते ते एकदा आकड्यात बघाच. एसएलआरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ५५ सेंटीमीटर अंतर असतं. फोरसाइटचं (पुढच्या साइटचं) टोक मागच्या छिद्राच्या मध्यापासून फक्त एक मिलीमीटर हललेलं राहिलं, तर १०० मीटरवर गोळी जवळजवळ १८ सेंटीमीटर बाजूला पडते. उलट, साइट तंतोतंत जुळलेली असताना संपूर्ण रायफलच बुलवर एक सेंटीमीटर हलत असेल, तर गोळीही सेंटीमीटरभरच हलते. म्हणून उस्ताद ओरडतात की नजर फोरसाइटच्या टोकावर ठेवा, बुल धूसर दिसला तरी चालेल.

काडतुसांकडे लोक फारसं बघत नाहीत, आणि मला वाटतं तिथेच बरंच काही दडलेलं असतं. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये (कारखान्यातून निघालेल्या खेपांमध्ये) दारूचं वजन, गोळीचं वजन, टोपीची आग यांत बारीक फरक असतो. १०० मीटरवर हा फरक फारसा दिसत नाही; ३०० मीटरच्या पुढे वेगवान गोळी वर आणि मंद गोळी खाली बसून ग्रुप उभा लांबतो. पॉइंट टूटूत हे जास्तच जाणवतं. तिथे प्रत्येक नळीला एखादा लॉट मानवतो आणि दुसरा मानवत नाही, म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासून मगच पेट्या घेतात. पॉइंट टूटूच्या मॅच काडतुसाचा वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली, ठेवलेला असतो. जास्त वेगाचं काडतूस घेतलं तर गोळी वाटेत आवाजाच्या वेगाच्या खाली येते आणि त्या संक्रमणात ती डगमगते. म्हणजे महाग आणि जोरकस काडतूस घेऊन ग्रुप बिघडतो, हे होऊ शकतं. लॉट मिसळून मारू नका, लॉट नंबर कागदावर लिहा.

कागदावरची भोकं जवळून बघा. गोल असली तर गोळी नीट फिरत गेली. एखादं भोक लांबुळकं, आडव्या गोळीच्या आकाराचं असेल तर गोळी हवेत कोलांटत गेलीय. मग त्या नळीच्या पिळाला ती गोळी जड किंवा लांब पडतेय, किंवा नळी आतून झिजलीय, किंवा तोंडाशी काहीतरी घासतंय. अशा वेळी पुढे मारत बसू नका, रायफल आर्मररकडे द्या.

आता स्वतः भरणाऱ्या रायफलची खास गोष्ट. बोल्ट ॲक्शनमध्ये प्रत्येक काडतूस हाताने, जवळजवळ सारख्याच जोराने चेंबरमध्ये जातं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी नळीतून जाताना नळीला असलेल्या बारीक छिद्रातून थोडा वायू बाहेर घेतला जातो, तो पिस्टनला मागे ढकलतो, बोल्ट उघडतो, काडतुसाचा रिकामा खोका बाहेर फेकला जातो, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि बोल्ट येता येता मॅगझिनमधलं पुढचं काडतूस जोरात आत नेतो. पण पहिलं काडतूस तसं जात नाही. ते तुम्ही हाताने कॉकिंग करून, म्हणजे हँडलने बोल्ट मागे ओढून, भरलेलं असतं. हात थोडा सावकाश सोडला की बोल्ट किंचित वेगळा बसतो, आणि पहिली गोळी बाकीच्या चारपासून वेगळी पडते.

हे पकडायची युक्ती सोपी आहे, पण त्यासाठी धीर लागतो. पहिली गोळी मारली की दुर्बिणीतून बघून सोबत्याने तिची जागा वहीत टिपून ठेवायची, मग बाकीच्या चार. असे चार-पाच कागद करा. घरी आल्यावर त्या भोकाभोवती लाल पेनने गोल करा आणि सगळे कागद बुल जुळवून एकावर एक धरून खिडकीच्या काचेवर लावा. उजेड मागून येतो, सगळी भोकं एकदम दिसतात. लाल गोल सगळे एका बाजूला गोळा झालेले दिसले, तर तुमच्या हाताचा दोष नाही. मग कॉकिंग हँडल पूर्ण मागे ओढून सोडून द्या, हाताने पुढे नेऊ नका. तरीही तसंच आलं तर कोरडी, नुकतीच पुसलेली किंवा तेलकट नळी हे दुसरं कारण तपासा: सफाईनंतरची पहिली गोळी बऱ्याच रायफलींत बाजूला जाते. लाल गोल इकडे तिकडे पसरलेले असतील तर पहिल्या गोळीचा हा विषयच नाही, पुढे जा.

वायूच्या भागाबद्दल गैरसमज खूप आहेत. ‘बोल्ट मागे आदळतो म्हणून गोळी हलते’ असं सर्रास ऐकू येतं. गोळी नळीत एक-सव्वा मिलिसेकंदच असते. बोल्ट पुरता मागे येईपर्यंत ती कधीच बाहेर पडलेली असते. त्यामुळे तो धक्का त्या गोळीला बिघडवत नाही, तुम्हाला बिघडवतो, म्हणजे पुढच्या गोळीला. पण पिस्टन वायूच्या नळकांड्यात अडकत असेल, काजळी साचली असेल किंवा गरजेपेक्षा जास्त वायू सोडला असेल, तर नळीवर पडणारा ताण दर गोळीला सारखा राहत नाही. एसएलआरला गॅस रेग्युलेटर दिलेला असतो तो याचसाठी. रायफल भरवशाने चालेल इतकाच वायू, वर थोडी राखीव, त्याहून जास्त नाही. खोके कधी पायाशी आणि कधी पार लांब पडत असतील तर वायूचा भाग एकदा साफ करून घ्या.

ढिलेपणा शोधायला वेळ लागत नाही, आणि माझ्या मते रायफलवर शंका येताच सगळ्यात आधी तोच शोधावा. एसएलआर मधून बिजागरीवर उघडते. नळी आणि फोरसाइट वरच्या अर्ध्या भागावर, मागची साइट खालच्या अर्ध्या भागावर. त्या दोन भागांत खेळ आला असेल तर साइट आणि नळीचं नातंच दर गोळीला बदलतं. रायफल रिकामी केलेली, जांच शस्त्र (चेंबरची तपासणी) झालेलं, मॅगझिन बाहेर. मग दोन्ही भाग हातात धरून हलवून बघा. नळीच्या तोंडावरचा फ्लॅश हायडर हलतोय का, फोरसाइट डळमळतेय का, हँडगार्ड नळीला एका बाजूने दाबतोय का, बटचे स्क्रू घट्ट आहेत का. पट्टा नळीच्या बाजूला ताणून मारत असाल तर तो ताण नळीला ओढतो. पट्टा एकदा सोडून मारून बघा. दुर्बीण बसवलेली असेल तर तिच्या माउंटचे स्क्रू हा नेहमीचा गुन्हेगार. स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटली की स्क्रू फिरलाय हे लगेच कळतं.

नळीचं तोंड हा सगळ्यात नाजूक भाग. गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श तिथे होतो. तिथे एका बाजूला ओरखडा किंवा झीज असली तर मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. आणि ही झीज बहुतेकदा गोळीने होत नाही, सफाईने होते. पुलथ्रूचा (नळीतून चिंधी ओढायचा) दोर वाकडा ओढला, त्याला माती लागलेली असली, तर तो विहिरीच्या दगडी काठावर दोराने पडलेल्या खाचांसारखी खाच नळीच्या तोंडात पाडतो. दोर नळीच्या रेषेतच सरळ ओढायचा, चिंधी स्वच्छ हवी, दोर जमिनीवर टाकायचा नाही. एसएलआर मधून उघडते, त्यामुळे ती मागच्या बाजूने साफ करता येते. तिथे तोंडाकडून सळई घालायचं काही कारणच नाही.

आपल्याकडे यात पावसाची भर पडते. जूनपासून खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे महिनोन् महिने ओल हटत नाही. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या म्यानात रायफल ठेवली की ते ओल धरून ठेवतं, आणि नळीत तांबूस गंजाचे ठिपके येतात. मारून आल्यावर लगेच पुसणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पुसणं, आणि हलका तेलाचा हात. पुढच्या वेळी मारण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने काढायला विसरू नका.

उष्णता, उजेड आणि वारा हे विषय थोडक्यात उरकतो. पातळ नळी भराभर मारून तापली की एमपीआय सरकू लागतो. दोन गोळ्यांत अर्धा-एक मिनिट जाऊ द्या आणि बघा फरक पडतो का. ऊन एका बाजूने असेल तर फोरसाइटची ती बाजू चकाकते आणि डोळा फसतो, म्हणून जुने लोक काजळी धरून टोक काळं करत. वाऱ्याचं म्हणाल तर ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा पॉइंट टूटूच्या गोळीला ५० मीटरवर सेंटीमीटरभर सहज ढकलतो, आणि त्या अंतरावरच्या मॅच टार्गेटमधला दहाचा गोलच १०.४ मिलीमीटरचा असतो. बेळगावच्या माळावर दुपारी वारा कधी स्वस्थ नसतो. चाचणी सकाळी लवकर करा.

क्लबात स्प्रिंगची एअर रायफल मारणाऱ्यांसाठी एवढंच: तिच्यातला जड पिस्टन छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच हलतो. म्हणून तिला आवळून धरली की ग्रुप फुटतो, हलक्या आणि दर वेळी सारख्या हाताने धरली की जमतो. छर्ऱ्याचा मागचा घेर चेपलेला नसेल हेही बघून घ्या.

हे सगळं तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. पट्टाही सोडला, लॉटही बदलला, माउंटही आवळला आणि ग्रुप सुधारला, तर तो कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही. वहीत तारीख, रायफलचा नंबर, लॉट, अंतर, टेकवून की हातावर, वारा, आणि कागद चिकटवलेला. आर्मररकडे जाताना ‘रायफल खराब आहे’ असं सांगू नका. ‘दोन माणसांनी मारली, दोन लॉट वापरले, टेकवून १०० मीटरवर ग्रुप २५ सेंटीमीटर, शेजारच्या रायफलचा त्याच काडतुसांत ११’ असं सांगा. मग तो थेट गेज घालून नळी बघेल, बिजागरी बघेल, आणि त्याचे तास वाचतील.

ग्रुप जमला की मगच झिरो. पाच-पाच गोळ्यांच्या दोन कागदांवरून एमपीआय काढा आणि तो बुलपासून किती वर-खाली, किती डावा-उजवा आहे ते पट्टीने मोजा. फोरसाइट हलवायची असेल तर गोळ्या जिकडे चुकल्या त्याच दिशेने हलवायची: गोळ्या वर लागत असतील तर फोरसाइट वर, खाली लागत असतील तर खाली. मागची साइट उलट, गोळ्या जिकडे न्यायच्या तिकडे: ग्रुप डावीकडे असेल तर मागची साइट उजवीकडे. एसएलआरवर उंची फोरसाइटने आणि बाजू मागच्या साइटने जुळवतात, आणि १०० मीटरवर एका मिलीमीटरला साधारण १८ सेंटीमीटर हा हिशेब मघाशी केलाच आहे. ग्रुप नऊ सेंटीमीटर डावीकडे असेल तर मागची साइट अर्धा मिलीमीटर उजवीकडे. स्क्रू घट्ट करा, आणि नव्या कागदावर पुन्हा पाच.